आधी तुमच्या हातात कात्री घ्या

‘मावशी, मी सांगोला तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. सध्या खारघरला एक खोली भाड्याने घेऊन राहते, खिडकीतून डोंगर दिसतो. माझ्या १५ वर्षांच्या, यंदा दहावीत जाणार असलेल्या मुलाचं इथल्या टाटाच्या केंद्रात बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट झालं. पेशी त्याच्या धाकट्या बहिणीच्या जुळल्या. आज ३८वा दिवस. शंभर दिवस जवळपासच राहायचं, गर्दीत जायचं नाही, कोणाला घरात घ्यायचं नाही, असं सांगितलंय. मिस्टर डाळिंबाची बाग सोडून येऊ शकत नाहीत, मुलगी आजीजवळ आहे. हा दिवसभर पडून मोबाइल बघतो. मी एका व्हिडिओत रद्दीपासून हातकागद करताना बघितलं. पेपर भिजवायचे, मिक्सरला फिरवायचे, वरून फुलांच्या पाकळ्या घालायच्या. वाटलं, दोघं मिळून करू, भेटकार्डं करू. तर तो म्हणाला, “तुझं अंगणवाडीतलं मला नको.” मी गप्प बसले, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्याला यात कसं ओढू? आणि खरं सांगू का, मलाच आता ही खोली खायला उठते.’

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. माझ्या मते खरं पत्र तेवढंच आहे, आणि त्याच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक तातडीची गोष्ट: त्या खोलीत कागदाचा लगदा करू नका. रद्दी भिजत घातली असेल तर आजच बाहेर काढून टाका.

तुमच्या मुलाच्या हाडांत नवी मज्जा (बोन मॅरो) आत्ता कुठे रुजतेय. रोगांशी लढणारी त्याची फौज पुन्हा उभी राहायला कित्येक महिने लागतात. या काळात बुरशीसारखी साधी वाटणारी गोष्ट त्याला फुफ्फुसापर्यंत त्रास देऊ शकते. म्हणून तर अशा पेशंटच्या खोलीत कुंड्या ठेवत नाहीत, ताजी फुलं ठेवत नाहीत, माती-धुळीपासून त्याला लांब ठेवतात. भिजलेली रद्दी, ओला लगदा आणि सुकत घातलेल्या पाकळ्या म्हणजे बुरशीला घरी बोलावून पाट मांडण्यासारखं आहे. त्यातून हा पावसाळा. ठाणे-नवी मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचा टॉवेल दोन दिवसांत वाळत नाही, तिथे लगदा काय वाळणार!

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीची केमोथेरपी चालू होती आणि ती ठाण्याला माझ्याकडे राहायला होती. तिला बरं वाटावं म्हणून मी अगदी तुमच्यासारखाच घाट घातला. पेपर भिजवले, झेंडूच्या पाकळ्या घातल्या, पिठाच्या चाळणीवर पातळ थर पसरला आणि तिच्याच खोलीत पंख्याखाली ठेवला. चौथ्या दिवशी कागद उचलला तर खालच्या बाजूला मोहरीएवढे काळे ठिपके, आणि बंद कपाट उघडल्यावर येतो तसा कुबट वास. सुदैवाने तिला काही झालं नाही. पण तिच्या उशापासून तीन हातांवर मी ते चार दिवस ठेवलं होतं, हे मला आजही टोचतं. कोणी मला आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला इतक्या ठासून सांगतेय.

हातकागदाचा विचार मात्र सोडू नका, तो घरी जाईपर्यंत बाजूला ठेवा. सांगोल्याची कोरडी हवा आणि कडक ऊन या कामाला आमच्या ठाण्यापेक्षा कितीतरी चांगलं. आपल्या मराठी मुलखात हे काम जुनं आहे. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा नावाचं गाव आहे, नावातच कागद. जुन्नरचा कागदही एके काळी नावाजलेला होता. पूर्वीचे कागद बनवणारे लोक ओले ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचे, त्यांना खळ लावायचे आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचे. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. तिथला कागद कापसाच्या चिंध्यांपासून होतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. आणि तुमच्या-माझ्या आज्यांनी केलेल्या लगद्याच्या परड्या आठवतात का? माझी आजी रद्दी तीन दिवस भिजत घालायची, भिजवलेल्या मेथ्या पाट्यावर वाटून त्यात मिसळायची, सगळं उखळात कुटून एकजीव करायची आणि पालथ्या पातेल्यावर लिंपायची. मेथीच्या चिकाने लगदा धरून राहतो आणि कडवटपणामुळे कीड लागत नाही. डॉक्टरांनी मोकळीक दिली की अंगणात दोन्ही पोरांना घेऊन बसा आणि तशी एक परडी करा. तेव्हा ओल्याची भीती राहणार नाही.

आता खोलीतलं बोलू. कोरडा, नवा, कोरा कागद चालेल असं मला वाटतं, तरी पुढच्या ओपीडीला डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारूनच आणा. चार प्रश्न कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर आपण विसरतो. नवा सीलबंद कागद चालेल का? त्याच्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आत्ता किती आहेत, कात्री हातात दिली तर चालेल का? गोंदाची कांडी चालेल का? आणि त्याचा हात थरथरतो, ते औषधाने का? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम सांगतेय. नवी मज्जा शरीराशी भांडू नये म्हणून जी औषधं देतात, त्यांतल्या काहींनी हाताला कंप सुटतो. तुम्ही पत्रात तसं काही लिहिलेलं नाही, पण १५ वर्षांचा मुलगा ‘मला नको’ म्हणतो तेव्हा ‘मला जमत नाहीये’ हे त्याच्या पोटात असू शकतं. चमचा धरताना, मोबाइलवर टाइप करताना त्याचे हात बघा. त्याला कळू न देता बघा.

प्लेटलेट्स कमी असतील तर कात्री-कटर काहीही नको, साधी कागदाची धारही कापते. मग फक्त घडीकाम. खळ करू नका. मैद्याची खळ दुसऱ्या दिवशी आंबते, आणि ती टिकावी म्हणून आपण घालतो तो मोरचूद विषारी असतो. दोन्ही त्या खोलीत नकोत.

त्याला यात कसं ओढायचं, असं विचारलंत. ओढू नका ताई. १५ वर्षांच्या मुलाचं सगळं सध्या दुसऱ्यांच्या हातात आहे. किती वाजता उठायचं, काय खायचं, कोणाला भेटायचं, सुई कुठे टोचायची, यातलं काही तो ठरवत नाही. ‘नाही’ म्हणायला त्याच्याकडे एक तुम्हीच आहात. त्याचं ते ‘नको’ तुम्हाला लागलं हे मला कळतं, विशेषतः अंगणवाडीचं नाव घेऊन म्हणाला म्हणून. पण ते त्याच्याकडेच राहू द्या. मोबाइलही राहू द्या. त्याची शाळा, त्याचे मित्र सध्या त्या पडद्याआडच आहेत.

तुम्ही एवढंच करा. डॉक्टर हो म्हणाले की ए-फोर कागदाचा एक नवा रीम आणा आणि त्याच्या हाताला लागेल असा ठेवा. काही बोलू नका. शिकवू तर मुळीच नका.

त्याने कधी विचारलंच, ‘हे कशाला आणलंस?’, तर त्याला एक कोडं घाला. कंपास नाही, कोनमापक नाही, पट्टी नाही. नुसत्या घड्या घालून बरोबर ६० अंशांचा कोन काढून दाखव. तो यंदा दहावीत जाणार होता असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्याला हे पुरेल. उत्तर तुम्हाला सांगून ठेवते, पण विचारल्याशिवाय देऊ नका. चौकोनी कागद घ्या. डावी कड उजव्या कडेवर आणून मधोमध उभी घडी पाडा आणि कागद उलगडा. आता खालचा उजवा कोपरा उचला आणि त्या मधल्या रेषेवर टेकवा, मात्र नवी घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातून गेली पाहिजे. कोपरा जिथे टेकला तिथे टिंब द्या. डाव्या कोपऱ्यापासून त्या टिंबापर्यंतची रेषा खालच्या कडेशी ६० अंश करते. का? कारण ती रेषा म्हणजे चौकोनाची उचललेली बाजूच, तेवढ्याच लांबीची, आणि आडवं अंतर मात्र तिच्या निम्मं. घडीने त्याच कोनाचे दोन भाग पाडले, म्हणजे ३० अंशही फुकट मिळाले. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा कोनमापक लावून तीनदा तपासलं होतं.

आणि ‘अंगणवाडीतलं’ या शब्दाबद्दल तुम्हाला सांगायचंय, त्याला नव्हे. १८९३ मध्ये मद्रासला टी. सुंदर राव नावाच्या गृहस्थांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारं पुस्तक छापलं. ते पुढे परदेशातल्या गणितज्ञांनीही वाखाणलं. त्यांना ही कल्पना सुचली कुठून? बालवाडीतल्या मुलांसाठी घडीकामाच्या साहित्याचा जो संच मिळायचा, त्यावरून. त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलंय. ‘अंगणवाडी’ हे नावही आमच्याच भागातलं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. बालवाडीत न येणाऱ्या पोरांच्या अंगणात जाऊन त्या शिकवायला लागल्या. तुम्ही त्या माळेतल्या आहात. तुमचं कातरकाम, चिकटकाम, घडीकाम लहान पोरांचं म्हणून हलकं होत नाही.

कोडं सुटलं तर तो स्वतःच पुढे शोधेल. त्याच्या मोबाइलवर सोनोबे घडी सापडेल. मित्सुनोबु सोनोबे या जपानी माणसाच्या नावाने ती ओळखली जाते. एका चौकोनी कागदाचा एक तिरका तुकडा होतो, त्याला दोन खिसे आणि दोन टोकं. एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात सरकवायचं, गोंद लागत नाही. असे ६ तुकडे जोडले की घन होतो, १२ जोडले की टोकदार तारा, ३० जोडले की चेंडूएवढा गोल. ए-फोर कागदातून २१ सेंटिमीटरचा चौकोन निघतो आणि साधारण पावणेनऊ सेंटिमीटरची पट्टी उरते. चौकोन तेवढाच मोठा ठेवा, बारीक करू नका. थरथरत्या हाताला मोठी घडी सोपी जाते.

तीस तुकडे त्याने एकट्याने का करायचे? त्याची बहीण आहे की. जिच्या पेशी आज त्याच्या हाडांत आहेत, तिला तिकडे आजीजवळ काय वाटत असेल, याचा मी बराच विचार केला. सगळं घर दादाभोवती, आणि जिने दिलं ती लांब. तिला व्हिडिओ कॉलवर त्यालाच शिकवू द्या. पंधरा तुकडे त्याचे, पंधरा तिचे. तिच्याकडचे इकडे मागवू नका, बाहेरची धूळ नको. ज्याचे त्याच्याकडे राहू देत आणि जोडणी घरी गेल्यावर होऊ दे. पांढरे याचे, रंगीत तिचे ठेवले तर गोलात कुणाचं काय ते लांबूनही दिसेल. मुलाला शिकवायला जमेल का? मला वाटतं जमेल. मोठा भाऊ आईचं ऐकत नाही, पण बहिणीपुढे शहाणपण दाखवायला एका पायावर तयार असतो.

आणि यातलं काहीच झालं नाही, रीम तसाच पडून राहिला, तरी काही बिघडत नाही. ५०० कागदांचं वजन अडीच किलो, गावी नेताना तेवढं ओझं होईल इतकंच. पण तो जेवण टाकायला लागला, रात्र रात्र जागा राहिला, ‘आता काही अर्थ नाही’ असं बोलायला लागला, तर तो रुसवा समजू नका. लगेच डॉक्टरांना सांगा. रुग्णालयात समाजसेविका असतात, त्यांना भेटा. १४४१६ हा टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो नंबर तुमच्यासाठीही आहे.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते.

पत्र मी चार वेळा वाचलं. हातकागद, पाकळ्या, भेटकार्डं हे सगळं लिहिताना तुमची अक्षरं मोठी आणि मोकळी झालीत. मुलाचं नाव येतं तिथे पुन्हा आखडतात. ताई, कागद तुम्हाला हवाय. वीस-पंचवीस पोरांच्या गलक्यात, कात्र्या-गोंदाच्या पसाऱ्यात काम करणारी बाई इतके दिवस बंद खोलीत गप्प बसलीय. तिला काहीतरी कापावं, चिकटवावं असं वाटलं तर त्यात मुलाचं कारण पुढे कशाला करायचं? पोरगं आजारी असताना आईने स्वतःच्या हौसेसाठी कात्री हातात घेतली तर लोक काय म्हणतील, ही भीती असेल. त्या खोलीत लोक येतच नाहीत. शिवाय, दिवसभर आपल्याकडे टक लावून बसलेली आई बघण्यापेक्षा, समोर कशात तरी रमलेली आई बघणं आजारी मुलाला हलकं जातं. माझी बहीण मला एकदा म्हणाली होती, ‘ताई, माझ्याकडे बघू नकोस ना सारखं, तुझं काहीतरी कर.’ मला त्या वेळी राग आला होता.

एका बाईची गोष्ट सांगते. मेरी डिलेनी, इंग्लंडमधली, जन्म १७००. १७६८ मध्ये नवरा वारला, ती खचली. चार वर्षांनी, वयाच्या ७२ व्या वर्षी, मैत्रिणीच्या घरी बसलेली असताना तिच्या लक्षात आलं की समोरच्या जिरेनियमच्या पाकळीचा लाल आणि टेबलावरच्या कागदाचा लाल अगदी एक आहे. तिने कात्री घेतली आणि पाकळी कापली, पेन्सिलीने न आखता. मैत्रीण आत आली, तिला ती पाकळी खरीच वाटली. पुढची दहा वर्षं ती बाई काळ्या कागदावर कागदाची फुलं करत राहिली, एकेका फुलात कधी शेकडो तुकडे. दृष्टी गेली तेव्हा थांबली. तोवर ९८५ झाली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि फुलांची जात ओळखता यावी इतकी नेमकी आहेत. मला त्यातलं ‘न आखता’ फार आवडतं. अंगणवाडीत पोरांसमोर फुलपाखरू कापताना तुम्ही तरी कुठे आखता?

तुमच्या खिडकीतून डोंगर दिसतो असं लिहिलंत. पावसात त्या खारघरच्या डोंगराचं रूप रोज निराळं असतं. कधी पांडवकड्याच्या धबधब्याची पांढरी रेघ दिसते, कधी ढगात सगळंच गडप, ऊन पडलं की कातळ चमकतो. रोज एक डोंगर कापा, पोस्टकार्डाएवढा, काळ्या कार्डशीटवर. नव्या टिंटेड पेपरचे आणि घोटीव कागदाचे ताव आणा. पावसात भिजलेले घेऊ नका, दुकानदाराला आतल्या गठ्ठ्यातले मागा. लांबचा डोंगर आधी, जवळचा नंतर, असे थर लावत या म्हणजे ढगाचा तुकडा मध्ये सरकवता येतो. आभाळासाठी काळा कार्डशीटच सोडा, पावसाळी दिवसाला तो शोभतो. गोंदाची कांडी फक्त कडेला फिरवा, नाहीतर पातळ कागद सुरकुततो. कातरण लगेच डब्यात टाका, काम झालं की सगळं झाकणाच्या डब्यात, मुलाच्या पलंगापासून लांब, आणि हात साबणाने धुवा. मागच्या बाजूला तारीख आणि दिवसाचा आकडा घाला: ३९, ४०, ४१. त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते तिथे लिहू नका, ती फाइल वेगळी आहे.

मुलाने ‘काय करतेस?’ विचारलं तर ‘डोंगर करतेय’ म्हणा आणि कात्री चालू ठेवा.

बाजारात जायच्या आधी उद्या सकाळी चहा घेऊन खिडकीशी उभ्या राहा आणि समोर हिरव्याचे किती रंग आहेत ते मोजा. गवताचा पोपटी, झाडीचा गडद, शेवाळलेल्या कातळाचा काळपट, लांबच्या कड्याचा निळसर. जितके निघतील तितक्या रंगांचे ताव, प्रत्येकी दोन, असं दुकानदाराला सांगा.